नकाशामागचा तक्ता: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: जळगाव जिल्ह्यातल्या गावांच्या लेयरला (नकाशाच्या थराला) जनगणनेची सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, गावाच्या नावावरून जॉइन केली (जोडली). क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच गावांपुढे ‘नल’ (नोंद नाही) येतं. नावं दोन्हीकडे तीच आहेत, मग चुकतंय कुठे?

नावं तीच दिसतात, पण असतीलच असं नाही. मुक्ताईनगर तालुक्यातलं कुऱ्हा घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’चा पाय मोडतात. काही साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये ‘लेंग्थ’ फंक्शन चालवून पाहा: पहिल्या नावाची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७. जॉइन तिथेच अडतो. नावाच्या शेवटी राहिलेली स्पेसही तोच घात करते. ती ‘ट्रिम’ फंक्शनने जाते.

पण माझं ऐकाल तर नावं दुरुस्त करत बसू नका. पिंपरी आणि पिंपळगाव नावाची गावं ढिगाने सापडतील, आणि नाव दोनदा आलं की चुकीच्या गावाची लोकसंख्या गुपचूप चिकटते. ते ‘नल’पेक्षा वाईट, कारण ते दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला ६ आकडी कोड दिलेला आहे, त्यावर जॉइन करा. तालुक्याचा कोड वापरणार असाल तर जपून. तो ५ आकडी आहे आणि महाराष्ट्रात शून्याने सुरू होतो. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की पहिलं शून्य उडतं. उडालंच असेल तर ‘एलपॅड’ फंक्शनने डावीकडे ० भरून घ्या. क्यूजीआयएसमध्ये फाइल ‘डिलिमिटेड टेक्स्ट’मधून घ्या आणि फील्डचा (कॉलमचा) प्रकार आपोआप ओळखण्याची खूण काढून टाका. सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून येतील. लोकसंख्येचे नंतर आकड्यांत बदलता येतात. ज्या आकड्याची बेरीज कधीच करायची नाही, तो टेक्स्टच असू द्या.

प्रश्न: शेपफाइलमध्ये ‘लोकसंख्या’ नावाचा कॉलम केला तर नुसतं ‘लोक’ उरलं. शेऱ्याचा मजकूरही अर्ध्यावर तुटतो.

शेपफाइल म्हणजे नकाशाची माहिती ठेवणाऱ्या फाइलींचा संच. त्यातला तक्ता डीबीएफ या जुन्या साच्यात असतो. त्यात कॉलमच्या नावाला १० बाइट मिळतात आणि टेक्स्टला २५४. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना-मात्राही स्वतंत्र चिन्ह असते. म्हणजे नावाला ३ चिन्हं (ल, ओकार, क) आणि मजकुराला जेमतेम ८४.

मराठी माहिती असेल तर शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा फाइलचा प्रकार वापरा. ही बंधनं तिथे नाहीत आणि सगळे लेयर एकाच फाइलमध्ये राहतात. समोरच्याने शेपफाइलच मागितली तर कॉलमला रोमन लिपीतली छोटी नावं द्या आणि अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली ते सांगणाऱ्या सीपीजी फाइलसकट सगळा संच पाठवा. ती पाठवायची राहिली की पलीकडे मराठीच्या जागी अगम्य चिन्हं उमटू शकतात.

प्रश्न: शेतांचं क्षेत्रफळ काढलं, सगळीकडे ०.००० आलं.

तुमचा लेयर अक्षांश-रेखांशात आहे. ‘एरिया’ फंक्शन लेयरच्याच एककात मोजतं, म्हणजे चौरस अंशांत. तिथे २ हेक्टरचं शेत ०.००००० च्या पुढे कुठेतरी जातं आणि तीन दशांश स्थळांच्या कॉलममध्ये शून्य होतं. लेयर यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या: ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत झोन ४३, त्यापुढे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे झोन ४४. येणाऱ्या चौरस मीटरला १०,००० ने भागा. पुढे बांध सरकवला तर कॉलम आपणहून बदलत नाही, पुन्हा मोजावं लागतं. व्हर्च्युअल फील्ड (दर वेळी सूत्रावरून मोजला जाणारा कॉलम) केलं तर मात्र बदलतं.

प्रश्न: सरकारी आणि खासगी विहिरींचे दोन कॉलम आहेत. बेरीज केली की काही गावांपुढे ‘नल’ येतं. रिकाम्या जागी ० भरू का?

सरसकट भरू नका, ही विनंती. ० म्हणजे पाहिलं आणि विहीर नाही. ‘नल’ म्हणजे नोंदच नाही. बेरजेत एक बाजू ‘नल’ असली की उत्तरही ‘नल’ येतं, आणि ते बरोबरच आहे. ‘कोअलेस’ फंक्शनने ‘नल’च्या जागी ० धरता येतो, पण मूळ कॉलम तसाच ठेवून बेरीज नव्या कॉलममध्ये करा. सरासरी काढतानाही हा फरक पडतो: ‘नल’ असलेली गावं मोजणीतून वगळली जातात, ० असलेली धरली जातात. पाहणी न झालेल्या गावांत शून्यं भरली तर तालुक्याची सरासरी खाली येईल, आणि टंचाईच्या यादीत ती गावं चुकीच्या कारणाने वर जातील. आधी पाहणीच्या वहीत बघा, त्या गावी कुणी गेलं होतं का.