संगणक मंदावला की आधी घड्याळ बघा

प्रश्न : ऑफिसच्या लॅपटॉपवर कॉन्फिगरेशन मॅनेजरचा (ऑफिसचे संगणक एका जागेवरून सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीचा) एजंट, म्हणजे मागे चालणारा छोटा प्रोग्रॅम आहे. आठवड्यातून एकदा सकाळी लॅपटॉप सुरू केला की अर्धा तास काम करणं अशक्य होतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के दिसते, प्रोसेसर मात्र निवांत. एजंट काढून टाकू का?

उत्तर : काढू नका. सुरक्षेचे पॅचही त्याच वाटेने येतात. ‘आठवड्यातून एकदा’ हे तुम्ही लिहिलंत, तोच मोठा धागा आहे. हा एजंट बराचसा वेळ नुसता बसून असतो. सर्व्हरकडून नवी धोरणं, म्हणजे काय करायचं याच्या सूचना, आली का, हे मूळ सेटिंगप्रमाणे 60 मिनिटांनी एकदा विचारतो. त्याचा भार जाणवतही नाही. भार पडतो तो इन्व्हेंटरीचा, म्हणजे यंत्रात काय काय आहे याची यादी करण्याचा, आणि तिचं मूळ वेळापत्रक 7 दिवसांचं असतं. ठरल्या वेळी लॅपटॉप बंद असला, तर राहिलेलं काम सुरू केल्यावर उरकलं जातं. म्हणून सकाळीच गाठ पडते.

त्यातही हार्डवेअरची यादी लवकर होते. फायलींची यादी मात्र जड. ‘सगळ्या ड्राइव्हवरच्या सगळ्या ईएक्सई (प्रोग्रॅमच्या) फायली शोध’ असं कुणी सांगून ठेवलं असेल, तर एजंटला फोल्डरमागून फोल्डर चाळावे लागतात. सर्व्हरकडे फक्त बदल पाठवला जातो हे खरं, पण बदल शोधायला चाळणी पुन्हा पूर्णच करावी लागते. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क विखुरलेल्या ठिकाणचं वाचन सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा करू शकते, त्यामुळे प्रोसेसर मोकळा असूनही सगळं खोळंबतं. टास्क मॅनेजरमधले 100 टक्के म्हणजे डिस्क सतत गुंतलेली आहे, एवढंच. किती डेटा वाचला, ते त्यात नसतं.

विंडोज फोल्डरमध्ये सीसीएम, त्यात लॉग्ज, आणि तिथे इन्व्हेंटरीएजंट नावाची लॉग फाइल असते. अडकण्याची वेळ त्या नोंदींशी ताडून बघा. जुळली तर दोन्ही वेळा लिहून आयटीकडे द्या. शोधाची व्याप्ती कमी करणं त्यांच्या हातात आहे. एखादा मोठा फोल्डर वगळायचा असेल, तर त्यात ‘एसकेपीएसडब्ल्यूआय डॉट डॅट’ नावाची लपवलेली फाइल ठेवली की सॉफ्टवेअर इन्व्हेंटरी तो ओलांडून पुढे जाते.

प्रश्न : मी प्रशासक आहे. आमचे काही शे व्हर्च्युअल डेस्कटॉप (सर्व्हरवर चालणारे संगणक) रोज दुपारी 12 वाजता एकदम मंद होतात. एकेक तपासला तर कुणावरच फार भार नाही.

उत्तर : एकेक तपासून हे दिसणारच नाही. खाली स्टोरेज एकच आहे, आणि वर सगळे एकाच क्षणी वाचायला लागतात. फायलींच्या इन्व्हेंटरीला कस्टम वेळापत्रकात नेमकी वेळ दिली की प्रत्येक यंत्र ती पाळतं. साधं वेळापत्रक, म्हणजे ‘दर इतक्या दिवसांनी’, यंत्रागणिक वेगवेगळ्या वेळी पडतं. ते वापरा. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन त्याच वेळेवर लावलेलं नाही ना, तेही बघा. दोन्ही एकत्र आली की हाल होतात.

प्रश्न : एजंट उतरवलेल्या फायली ठेवतो तो सीसीएमकॅश फोल्डर 5 जीबीचा झालाय. हाताने उडवला तर चालेल?

उत्तर : हाताने नको. कंट्रोल पॅनेलमधल्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये कॅशचा टॅब आहे, तिथून फायली काढा. 5 जीबी ही नेहमीची मर्यादाच आहे आणि त्यामुळे वेग घटत नाही.

प्रश्न : कोणत्या यंत्रावर काय बसवलंय ते पाहायला मी रोज एक स्क्रिप्ट चालवतो. तेवढ्या वेळात लोकांचे संगणक रेंगाळतात. स्क्रिप्ट तर चार ओळींची आहे!

उत्तर : त्या चार ओळींत ‘विन32 प्रॉडक्ट’ (बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी देणारी विंडोजची सोय) आहे का? बहुतेक असणार. त्याला यादी मागितली, की विंडोज इन्स्टॉलर त्याने बसवलेल्या प्रत्येक एमएसआय पॅकेजची सुसंगतता तपासत सुटतो आणि गरज वाटली तर दुरुस्तीही करतो. म्हणजे तुम्ही नुसतं विचारताय आणि तिकडे हात लावला जातोय. मला हा प्रकार सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण दोष एजंटवर जातो. इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये एमएसआयइन्स्टॉलरच्या 1035 क्रमांकाच्या नोंदींची रांग दिसली, की खात्री पटेल. तीच माहिती रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) अनइन्स्टॉल कीमधून वाचा. 64 बिट विंडोजवर ती दोन ठिकाणी असते, दोन्ही वाचा. आजच बदला.