कर्वे रोडवरच्या दुकानाची पाटी करायचीय, सुलेखनाचा फॉन्ट घेऊ की साधा? दिसायलाही छान हवी आणि वाचताही यायला हवी.

नाव साध्या जाड अक्षरातच घ्या आणि सुलेखनाची हौस लोगोत नाहीतर एखाद्याच अक्षरात भागवा, कारण तिथे गाडीवरनं जाणाऱ्याला पाटी वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात. मी पाट्या-फ्लेक्सचंच डिझाइन करतो, आमचा ठोकताळा असा की दर १० फूट अंतराला अक्षराची उंची निदान १ इंच, म्हणजे रस्त्यापलीकडनं ६० फुटांवरून वाचायचं तर ६ इंच, आणि देवनागरीत हे इंच वेलांट्या-उकार सोडून धरायचे, नाहीतर मूळ अक्षर लहान राहून फसगत होते; वेलांट्या-उकारांची जागा वेगळी ठेवा. मुक्ता फॉन्ट फुकट आहे, जाडीचे ७ प्रकार मिळतात, तो बघा. लालवर निळं मात्र अजिबात नको, डोळ्याला त्रास होतो. हां, दुकान तुळशीबागेसारख्या पायी फिरायच्या बाजारगल्लीत असतं तर वेगळं सांगितलं असतं, तिथे गिऱ्हाईक पाटीखालीच उभं असतं, बिनधास्त सुलेखन चालतं. प्रिंटला द्यायच्या आधी डिझाइन मोबाइलवर अंगठ्याएवढं करून घरच्यांना वाचायला लावा, अडखळले तर बदला.