पिकअप ट्रकला बर्फाच्या चेन कोणत्या घ्याव्यात आणि कशा बसवाव्यात?

तुमचा पिकअप रिअर-व्हील ड्राइव्ह आहे आणि बे एरियातून (कॅलिफोर्नियातला सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर) टाहोच्या बर्फाळ डोंगराळ भागात जायचंय, तर चेन मागच्या दोन्ही चाकांना लागतील. फोर-बाय-फोर असेल तर कुठल्या चाकांना, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. पुढच्या चाकांना चेन चालतच नाही असे बरेच ट्रक आहेत.

माप टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ २७५/६५ आर १८. तंतोतंत त्याच मापाची चेन घ्या. मॅन्युअलमध्ये 'क्लास एस' लिहिलं असेल तर टायरमागे जागा कमी आहे. जाड चेन ब्रेकची नळी तोडू शकते. इथे पैसे वाचवू नका.

बसवण्याचा सराव घरीच, कोरड्या जमिनीवर करा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. अंधारात, गारठलेल्या बोटांनी आतला हूक सापडत नाही. सपाट जागी हँडब्रेक लावा, चेन टायरवर पसरा, पीळ काढा, गाडी थोडी पुढे घ्या. आधी आतला हूक, मग बाहेरचा, शेवटी टेन्शनर (चेन ताणून घट्ट धरणारा भाग). थोडं अंतर चालवून पुन्हा घट्ट करा. टायरची हवा कमी करू नका.

कॅलिफोर्नियात बर्फाच्या रस्त्यांवर चेनसक्तीच्या पातळ्या असतात. त्यातली आर-२ लागू असताना चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-बाय-फोरला सूट मिळते, पण चेन सोबत ठेवावीच लागते. आर-३ मध्ये कोणालाच सूट नाही. चेन असताना वेग ताशी २५-३० मैलांच्या आतच ठेवा आणि डांबर दिसू लागलं की सुरक्षित जागी थांबून चेन काढा.