आर्ट फेअरमधल्या चित्रांच्या किमती: आधी शीटचं माप बघा

पहिलाच स्टॉल, सगळी जलरंगातली चित्रं, किंमत काय लावू आणि स्टॉलचं भाडं त्यातून कसं काढू, असं विचारलंयत ना. तर भाडं आधी बाजूला ठेवा. ते गिऱ्हाइकाच्या डोक्यावर घालायचं नसतं, तो तुमचा लोकांसमोर येण्याचा खर्च आहे. मुंबईत भाडं जास्त म्हणून तेच चित्र तिथे महाग आणि नाशकात स्वस्त, असं केलंत तर लोक इन्स्टावर जुनी पोस्ट काढून दाखवतात.

आता गणित. बरेचजण चौरस इंचाचा दर लावतात. समजा ३० रुपये धरला, तर पाव शीट (जलरंगाच्या अख्ख्या कागदाचा चौथा भाग) ११ बाय १५ इंच, म्हणजे १६५ चौरस इंच, ४,९५० रुपये. ठीक वाटतं. पण फुल शीट २२ बाय ३० ला तोच दर १९,८०० वर जातो, नव्या चित्रकाराचं त्या किमतीला सहज जात नाही, आणि ५ बाय ७ चं पिटुकलं चित्र फक्त १,०५० ला, ज्यात कागद, रंग आणि मेहनतीचे पैसे पण धड निघत नाहीत!! म्हणून मी लांबी अधिक रुंदी करते आणि त्याला दर लावते. १९० धरा. पाव शीटचे २६ इंच, ४,९४०, जवळपास तेवढेच. अर्ध्या शीटचे (१५ बाय २२) ३७, म्हणजे ७,०३०. फुल शीट ९,८८०. आणि ५ बाय ७ चे २,२८०, म्हणजे छोट्याला पण मान राहतो. १९० हा काही वेदवाक्य नाही, आजवर ज्या किमतीला तुमची चित्रं खरंच गेलीत त्यावरून उलटा काढा. फ्रेमवाल्याचं बिल वेगळं वर चढवायचं, ते दरात घालू नका, कारण बऱ्याच लोकांना फ्रेम आपल्या भिंतीप्रमाणे हवी असते.

आणि प्लीज, स्वतःला आवडलेल्या चित्राला जास्त किंमत लावू नका. शेजारी टांगलेलं त्याच मापाचं चित्र निम्म्यात का, ह्याचं उत्तर गिऱ्हाइकाला देता येत नाही. इतकं आवडत असेल तर घरी ठेवा, विकायला आणूच नका.

गॅलरीचा पण विचार आत्ताच करा. पुढेमागे गॅलरीत चित्रं लावलीत की ३० ते ५० टक्के कमिशन जातं, आणि किंमत मात्र फेअरमधलीच ठेवावी लागते, नाहीतर गॅलरीवाले नाराज. म्हणजे निम्मे हातात आले तरी परवडेल असा दर हवा.

फेअर कुठला त्याप्रमाणे माल बदला, दर नाही. मुंबईच्या काळा घोडा फेस्टिव्हलला लोक फिरायला येतात, हातात वडापाव, तिथे पोस्टकार्ड आणि छोटे प्रिंट्स जातात. वरळीला नेहरू सेंटरच्या इंडिया आर्ट फेस्टिव्हलला भिंत मोजून आलेले लोक पण भेटतात, तिथे मोठी शीट न्या.

जीएसटी नंबर नसेल तर जीएसटी लावायचा नाही, सोपं आहे. नंबर असेल तर हाताने काढलेल्या चित्रांवर सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के झालाय, बिलात जुना दर टाकू नका.

घासाघीस होणारच. दोन चित्रं घेतली तर १० टक्के कमी, एवढं आधीच ठरवून ठेवा आणि एकावर सूट मागितली तर हसून नाही म्हणा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम भाव पाडायला येणारे असतात, त्यांना पहिल्या दिवशीचाच भाव सांगायचा, कारण शुक्रवारी पूर्ण पैसे देऊन गेलेली बाई रविवारी मैत्रिणीला घेऊन परत येते, हे हमखास होतं. आणि प्रत्येक चित्राखाली किंमत ठळक लिहा, विचारायला लाजून निघून जाणारे लोक खूप असतात.