प्रोटॉन थेरपीत बीम दिसतच नाही, मग तो चुकला तर कळतं कसं?

तुमच्या वडिलांचे प्रोटॉन थेरपीचे, म्हणजे प्रोटॉन कणांच्या झोताने (बीमने) कर्करोगाच्या गाठीवर करायचे उपचार सुरू होणार आहेत आणि बीम चुकला तर कोणाच्या लक्षात येणार, ही तुमची काळजी आहे. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, हे रोजचं काम आहे.

रुग्णापर्यंत पोचण्याआधी बीम मशीनच्या नोझलमधल्या (बीम बाहेर पडतो त्या तोंडातल्या) आयन चेंबरमधून जातो. धातूचा मुलामा दिलेले अगदी पातळ पडदे, मधे काही मिलिमीटर हवा आणि वर हाय व्होल्टेज. प्रोटॉन जाताना हवेत आयन, म्हणजे विद्युतभारित कण तयार होतात आणि त्यांचा चार्ज (विद्युतभार) मोजला जातो. गाठीवर डोस एकेका ठिपक्याने देतात. प्रत्येक ठिपक्याचा चार्ज आधी ठरलेला असतो, तेवढा भरला की बीम पुढे सरकतो. पट्ट्यापट्ट्यांचे चेंबर ठिपक्याची जागा मिलिमीटरपेक्षाही बारीक सांगतात. डोस मोजणारे चेंबर दोन असतात, एक फसला तर दुसरा बीम थांबवतो. जागा हलली तरी इंटरलॉक, म्हणजे बीम आपोआप थांबवणारी सुरक्षा यंत्रणा, लागतो. म्हणून उपचार मधेच थांबले तर घाबरू नका, राहिलेला डोस तिथूनच पुढे देता येतो. चेंबरमधली हवा बंदिस्त नसून बाहेरच्या हवेशी जोडलेली असेल तर तापमान आणि दाबाची दुरुस्तीही करावी लागते, कारण हवा विरळ झाली की तेवढ्याच डोसला चार्ज कमी मिळतो.

पण हे सगळं शरीराच्या बाहेरचं. प्रोटॉन आपली सर्वाधिक ऊर्जा थांबता थांबता टाकतो, आणि तो आत नेमका कुठे थांबला हे नोझलमधला चेंबर सांगू शकत नाही. मला खरी चिंता याचीच वाटते. बीम किती खोल जाईल हे सीटी स्कॅनवरून काढतात आणि त्यात साधारण ३.५ टक्के आणि वर एखाद-दोन मिलिमीटर चूक धरतात. २० सेंटीमीटर खोलीवर ते ८-९ मिलिमीटर होतात, म्हणून गाठीभोवतीच्या तेवढ्या जास्तीच्या जागेलाही डोस द्यावा लागतो. प्रोटॉन अणुकेंद्रांवर आदळले की गॅमा किरण तत्क्षणी बाहेर पडतात. ते पकडून बीम कुठवर गेला हे पाहता येतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये २०१५ साली असा कॅमेरा पहिल्यांदा रुग्णावर वापरला गेला, पण तो अजून सगळीकडे रुळलेला नाही.

तोवर भिस्त सीटीवरच. वजन उतरलं, गाठ आकसली किंवा सायनस भरला तरी बीमची खोली बदलते. तेव्हा उपचारांच्या मधे सीटी पुन्हा कधी काढणार, हे तुमच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा.