पाळणाघर काढायचंय, 8 लाख आहेत, पुरतील का? (जरा लांबलंय, चहा घेऊन बसा)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात वाकडला भाड्याने टूबीएचके घ्यायचा, आयटीतली नोकरी सोडायची, हाताशी 8 लाख आहेत, बाकी लोन, आणि दिवाळीला उद्घाटन. सोबत तुम्ही टाकलेला हिशोब पण बघितला, 20 मुलं गुणिले 8,500 म्हणजे महिना 1 लाख 70 हजार, आणि ते पहिल्याच महिन्यापासून. मी कोथरूडला अकरा वर्षं पाळणाघर चालवतेय म्हणून हक्काने सांगते, हा 20 चा आकडा आधी खोडा.

माझ्याकडे पहिल्या महिन्यात तीन मुलं होती, त्यातला एक माझा भाचा, म्हणजे फी शून्य. आठ महिने सरासरी सातच्या वर गेली नाही. कारण साधं आहे, आई-बाप पोटचं पोर नवीन ठिकाणी ठेवत नाहीत, ते आधी बघतात तिथे दुसरी मुलं आहेत का, ती रडतायत का खेळतायत. म्हणजे पहिली दहा मुलं मिळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात पुढची दहा येतात.

आता तुमच्याच आकड्यांत बसवून बघू. भाडं 32 हजार धरा, तळमजलाच घ्या आणि वरचा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. मुलं सांभाळणाऱ्या दोन ताई 15-15 हजार, एक मावशी 13 हजार, लाइटबिल 4, दूध-खाऊ-फळं 6, फिनेल-टिश्यू-औषधं-रिपेअरिंग मिळून 5. झाले 90 हजार, आणि यात तुमचा पगार नाही बरं का. सात मुलांचे येतात 59,500. दर महिन्याला साडेतीस हजार खिशातून, आठ महिने असं चाललं की जवळजवळ अडीच लाख गेले. हे अडीच लाख कोणीच प्लॅनमध्ये धरत नाही, सगळे भिंतीवरच्या जिराफात पैसे घालतात (मी पण घातले, 22 हजार, आणि पहिल्याच वर्षी पोरांनी जिराफाचं तोंड सोलून काढलं).

म्हणून 8 लाखाची वाटणी मी अशी करीन: डिपॉझिट दीड, सामान आणि दुरुस्ती तीनच्या आत, अडीच लाख वेगळ्या खात्यात टाकून विसरून जायचे, उरलेला एक अडीअडचणीला. सामानात कुठे हात आखडू नका ते सांगते. खिडक्यांना जाळ्या, प्लगला झाकणं, स्वयंपाकघराला अर्धा दरवाजा, इन्व्हर्टर आणि सीसीटीव्ही. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं मारहाणीचं फुटेज सगळ्यांनी बघितलंय, त्यानंतर पालकांचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचाच असतो, आणि बरोबरच आहे. काम करणाऱ्या प्रत्येक बाईचं पोलीस व्हेरिफिकेशन करा, ती तुमच्या ओळखीतली असली तरी. खेळणी मात्र हळूहळू घ्या, मुलांना डबे आणि चमचे जास्त आवडतात.

किती मुलं घ्यायची? केंद्राच्या महिला बालविकास मंत्रालयाची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मुलामागे 10 ते 12 चौरस फूट जागा, तीन वर्षांखालच्या दहा मुलांना एक प्रशिक्षित बाई आणि मदतनीस. त्या हिशोबाने हॉल आणि एक बेडरूम मिळून तुमच्याकडे कागदावर 30 मुलं पण बसतील. बसवू नका. 26 आठवड्यांची रजा संपवून आई येते तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचं असतं, अशी चार बाळं एकाच वेळी उठली की एका बाईचे दोन हात पुरत नाहीत. मी लहान बाळं चारच्या वर एका ताईकडे देत नाही, एकूण 18 वर थांबते.

आता पैशाचं. इथे एक गोष्ट क्रमाने करायची असते आणि बहुतेक जण उलटी करतात. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) ही सबसिडीवाली कर्ज योजना फक्त नवीन व्यवसायाला मिळते. आधी घाईघाईत सुरू केलं किंवा दुसऱ्या सरकारी योजनेची सबसिडी घेतली आणि मग तिकडे गेलात तर दार बंद. माझ्या ओळखीतल्या एकीचं असंच झालं, उद्घाटनाचे फोटो काढले आणि मग अर्ज भरायला बसली. म्हणून जागेचं टोकन देण्याच्या आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसा, तुमचा प्रोजेक्ट कशात बसतो ते तोंडी विचारून घ्या. शहरी भागात बाईमाणसाला प्रोजेक्टच्या 25 टक्के सबसिडी, स्वतःचे 5 टक्के. म्हणजे 10 लाखाच्या प्रोजेक्टला तुमचे 50 हजार आणि सबसिडी अडीच लाख. पण ते अडीच लाख हातात पडत नाहीत! बँकेत तीन वर्षं तुमच्या नावाने पडून राहतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षं धंदा नीट चालला तर लोनमध्ये वळते होतात. त्यामुळे हे पैसे पहिल्या वर्षाच्या खर्चाला धरू नका.

ते नको असेल तर मुद्रा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सरकारी कर्ज योजना, तिच्यात रकमेप्रमाणे गट आहेत. शिशु 50 हजारापर्यंत, किशोर 5 लाखापर्यंत, तरुण 10 लाखापर्यंत, तारण लागत नाही. तरीपण कुठला तरी साहेब "घरी कोणी गॅरंटर आहे का, मिस्टर काय करतात" विचारेलच, शांतपणे योजनेचा नियम दाखवायचा आणि नाहीच ऐकलं तर दुसरी ब्रँच. माझं पहिल्या बँकेत झालं नाही, "पाळणाघर म्हणजे घरगुतीच ना मॅडम" असं ऐकून परत आले होते. दुसऱ्या ठिकाणी मी आसपासच्या सोसायट्यांतल्या 40 घरांत स्वतः विचारून लिहिलेली यादी नेली, कुणाचं बाळ किती महिन्यांचं, आई कामावर कधी जाणार, सध्या कोण सांभाळतं. मॅनेजरने प्रोजेक्ट रिपोर्ट चाळला पण वाचली ती यादी. तुम्ही पण करा, बँकेसाठी नाही तरी स्वतःसाठी.

लोन 5 लाखाच्या वर नका जाऊ. 11 टक्क्याने पाच वर्षांसाठी हप्ता साधारण 10,900 बसतो, म्हणजे सव्वा मुलाची फी फक्त हप्त्यात.

कागदपत्रं पटकन: उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन फुकट होते, कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. तीन-चारच माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टला फक्त सूचना द्यायची असते. सोसायटीचं पत्र मात्र लेखी, सही-शिक्क्यासकट. चेअरमन "काही हरकत नाही हो" म्हणतात आणि सहा महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप मोडते.

कंपनीशी टायअपचं विचारलंय. 50 किंवा जास्त कर्मचारी असले तर पाळणाघराची सोय द्यायची असा 2017 पासून कायदा आहे, त्यामुळे विचारणा येते. मी एका कंपनीसाठी सहा जागा अडवून ठेवल्या, पैसे तीन-तीन महिने उशिरा यायचे आणि इकडे पगार एक तारखेलाच द्यायचे. सुरुवातीला नको. त्यापेक्षा शाळा सुटल्यावर दुपारी येणारी पहिली-दुसरीची मुलं घ्या, फी कमी पण ती लवकर भरतात आणि टिकतात.

आणि मे महिना. मुलं आजोळी जातात, फी येत नाही, भाडं चालू. मी आता बारा महिन्यांची फी अकरा हप्त्यांत घेते, मे महिन्याचं काहीच मागत नाही, कटकट संपली.

याच कारणाने दिवाळीला उघडू नका. सगळे गावी, मग डिसेंबरात सर्दी-खोकले, आणि वर्षाच्या मध्ये कोणी आधीचं पाळणाघर सोडत नाही. आत्तापासून यादी करा, उद्योग केंद्र, बँक, सोसायटीचं पत्र हे सगळं नोकरीत असतानाच उरका (पगाराच्या स्लिपा आहेत तोवर बँक पण जरा गोड बोलते), जागा मार्चमध्ये ताब्यात घ्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. राजीनामा एप्रिलचा पगार जमा झाल्यावर.

यादी झाली की आकडे इथेच टाका, बघून सांगते.