साठ मुलं, एक मैदान, ३५ मिनिटं: सहावीला खेळातून पी.टी. शिकवता येते का? मार्क कसे द्यायचे?

येते. पण बॉल टाकून स्वतः खुर्चीत बसणं म्हणजे खेळातून शिकवणं नव्हे.

खो-खोच घ्या. १९२४ साली त्याची नियमपुस्तिका बडोद्याच्या जिमखान्यानं काढली, तरी इथल्या स्टाफरूममध्ये मला अजून ऐकवतात की शिस्त येते ती कवायतीनंच, खेळानं व्यायाम होत नाही. नियमाप्रमाणे घेतलं तर नाहीच होणार. २७ बाय १६ मीटरचं मैदान, आठ बसलेले, एक पाठलागाला, तीन पळणारे. बारा खेळले, ४८ जण झाडाखाली गप्पा मारत बसले.

मी पाच छोटी मैदानं आखतो, १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद. दोन मैदानांत ३ मीटर मोकळे सोडायचेच, नाहीतर शेजारचा भिडू सूर मारून आपल्या बसलेल्यावर येतो. खांबाच्या जागी फक्कीचं वर्तुळ. वीट ठेवली की कुणाचा तरी घोटा मुरगळलाच. प्रत्येक मैदानावर बारा जण: सहा बसलेले, एक पाठलागाला, तीन पळणारे, एक घड्याळाला, एक नोंदीला. डाव ९० सेकंदांचा, मग अदलाबदल. बाद झालेला बाहेर बसत नाही. वर्तुळाला वळसा घालून परत आत, बाद फक्त मोजायचे. यात तडजोड नको. 'बाद म्हणजे बाहेर' केलंत की जाडा, हळू मुलगा पहिल्या दहा सेकंदांत सुटतो. ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सुट्टी.

सगळे नियम एकदम सांगू नका. पहिल्या तासाला नुसतं बसणं-उठणं: एक पाय पुढे, मागची टाच उचललेली, बोटं जमिनीला टेकलेली. खो पाठीवर तळव्यानं. आधी स्पर्श, मग शब्द. घाईत पोरं ढकलतात आणि बसलेला तोंडावर आपटतो. बहुतेक खरचटणं इथलंच. दुसऱ्या तासाला पाठलाग करणाऱ्यानं मधली रेषा ओलांडायची नाही, एवढंच. दिशा न बदलण्याचा नियम तिसऱ्या आठवड्यात, कारण या वयाचं पोर पळणाऱ्याकडे बघतं आणि आपण कुठे वळलो ते विसरतं.

मार्क बाद करण्यावर देऊ नका, ते चपळ पोरांनाच मिळतात. दहा खोंपैकी बरोबर किती, ते नोंदवाला लिहू दे.

हो, हे पावसाळ्यातल्या चिखलात जमत नाही, आणि एप्रिलमध्ये उन्हं चढायच्या आत आटपा. नवरात्रात अर्ध्या रात्रीपर्यंत गरबा खेळून आलेल्यांचे डाव ६० सेकंदांवर आणा. दम्याच्या मुलाचा पंप वर्गातल्या दप्तरात नको, मैदानावर तुमच्या खिशात हवा.

कवायतवाल्यांचं समाधान करायचंच असेल तर शेवटची पाच मिनिटं मुलांना रांगेनं नळावर न्या.